सगळ्याला हो म्हण

गुरुवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला एक माणूस मिराशी सोनोग्राफी सेंटरच्या दारात चपला काढून उभा राहिला. चपला बाहेर काढायची पाटी होतीच, पण त्यानं त्या काढून, जुळवून, भिंतीला लावून ठेवल्या आणि मग आत यावं की न यावं असा उंबऱ्यावरच घुटमळत राहिला. पांढरा सदरा, गांधी टोपी, हातात सेंटरचंच निळं पाकीट. अंगाला कांद्याच्या पोत्यांचा वास.

काउंटरवरचा मच्छिंद्र आत जाऊन म्हणाला, "हेमाताई, एक जण आलेत. रिपोर्ट टाइप करणाऱ्या बाईंशीच बोलायचंय म्हणतात."

हेमा दांडेकरनं टाइप करताकरताच सांगितलं, "इथे रिपोर्ट बदलून मिळत नाहीत म्हणावं."

तोवर तो माणूस तिच्या खोलीच्या दाराशी आला होता.

"बदलून नको ताई," तो हळूच म्हणाला. "येक इचारायचं हुतं. मी कोंडीराम ढेबे. मार्केट यार्डात हमाल हाय. सोमवारी पोटाचा फोटू काढला हितं."

"मग? डॉक्टरांना दाखवला का रिपोर्ट?"

"न्हाई दाखवला." त्यानं मागं वळून मच्छिंद्र ऐकत नाही ना ते पाहिलं. "पोरीनं वाचला. राजनंदिनी. अकरावीला हाय, विंग्रजी वाचती. तिनं वाचला आन गप बसली. म्या म्हनलं, काय हाय त्ये सांग. तर सांगंना. मग आईला सांगितलं आन आईनं मला." त्यानं पाकीट पुढं केलं. "ह्यात लिवलंय म्हनं, मला बायकांची पिशवी हाय. आन ती चांगली हाय."

हेमानं कागद बाहेर काढला. चौथी ओळ. युटेरस इज नॉर्मल इन साइज अँड शेप. खाली डॉक्टर आमोद मिराशींची सही.

"काढाया लागंल का?" कोंडीराम विचारत होता. "लई वजन उचलून आसं व्हतंय का? म्या कुनाला बोललो न्हाई. यार्डात कळलं तर मला ऱ्हाऊ द्यायचे न्हाईत लोक."

दाराबाहेर मच्छिंद्रला हसू आवरलं नाही. तो तोंडावर हात दाबून काउंटरकडे पळाला. हेमाला मात्र हसू आलं नाही. तीन रात्री हा माणूस, पन्नाशीचा, शंभर किलोची पोती पाठीवर घेणारा, आपल्या पोटात काय आहे या धास्तीनं झोपला नव्हता. हे त्याच्या डोळ्यांवर दिसत होतं.

"बसा," ती म्हणाली. "तुमच्या पोटात तसलं काही नाही. टाइप करताना घोटाळा झाला. चूक माझी."

हे शेवटचे दोन शब्द उच्चारताना ती अडखळली, कारण चोवीस वर्षांत ते तिनं या खोलीत कधी उच्चारले नव्हते.

हेमा दांडेकर शहात्तर साली या सेंटरला लागली तेव्हा आमोदचे वडील एक्स-रे काढत होते आणि ती रेमिंग्टनवर रिपोर्ट बडवत होती. मिनिटाला साठ शब्द. नजर कायम डाव्या हाताच्या कागदावर, डॉक्टरांच्या किरट्या अक्षरावर. यंत्राकडे बघून टाइप करणाऱ्यांना ती शिकाऊ समजायची. सत्त्याण्णव साली कॉम्प्युटर आला तेव्हाही तिनं सवय बदलली नाही. स्क्रीनकडे बघायचं ते फक्त पान संपलं की.

कॉम्प्युटरमधली एकच गोष्ट तिला मनापासून आवडली. रिपोर्टात तीच तीच वाक्यं यायची. ती एकदा साठवून ठेवायची, त्यांना दोन अक्षरांचं नाव द्यायचं आणि पुढे ती दोन अक्षरं टाइप करून वरचं एफ-थ्री बटण दाबलं की अख्खा परिच्छेद कागदावर हजर. ऑटोटेक्स्ट म्हणतात त्याला. हेमानं एकशे बारा परिच्छेद असे साठवले होते, रिपोर्टाच्या कोऱ्या साच्यात, ज्याला सगळे टेम्प्लेट म्हणत. त्यांची नावं तिनं तिच्या डोक्याप्रमाणे ठेवली होती. यूएन म्हणजे युरिनरी ब्लॅडर नॉर्मल, मूत्राशय ठीक. एलजी म्हणजे लिव्हरमध्ये गाठ. केजी म्हणजे किडनीत गाठ. जी गाठीचा. इंग्रजी रिपोर्टाच्या पोटात दडलेलं हे मराठी अक्षर तिला फार मजेचं वाटायचं.

आणि म्हणूनच डॉक्टर आमोद संध्याकाळी रिपोर्टांचा गठ्ठा समोर आला की न वाचता सह्या करत सुटायचे. "हेमाताईंनी टाइप केलंय म्हणजे वाचायचं काय त्यात," असं ते पेशंटांदेखत म्हणायचे. त्या दिवशी घरी जाताना हेमाची चाल जरा वेगळी असायची.

कोंडीरामचा रिपोर्ट तिनं दुरुस्त केला. मूत्राशयाची ओळ या वेळी एकेक अक्षर हातानं टाइप केली, आत जाऊन डॉक्टरांची सही आणली आणि त्याच्या हातात दिली. तो कागद बराच वेळ बघत राहिला, जणू इंग्रजी कळतंय.

"ह्यात न्हाई न्हवं आता?"

"नाही. मुलीला वाचायला सांगा."

"पोरीला लई लाजल्यागत झालंय," कोंडीराम म्हणाला आणि वाकून नमस्कार करून, चपला हातातच घेऊन जिना उतरला.

हेमा खुर्चीत येऊन बसली. एक कोरा रिपोर्ट उघडला. यूएन टाइप केलं, बटण दाबलं आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा टाइप करताना समोर पाहिलं.

युटेरस इज नॉर्मल इन साइज अँड शेप.

तिनं पुसलं. परत केलं. परत तेच.

हे तिचं वाक्य नव्हतं. तिच्या मूत्राशयाच्या जागी कुणाचं तरी गर्भाशय येऊन बसलं होतं. आणि कुणाचं ते तिला लगेच कळलं, कारण शनिवारीच तर सगळं झालं होतं.

कर्वेनगरला डॉक्टरांनी दिवाळीत दुसरी शाखा काढली होती. तिकडे नव्या सोसायट्या उठत होत्या, कॉम्प्युटर कंपन्यांत लागलेली मुलं फ्लॅट घेत होती, गर्दी वाढत होती. तिथं टाइप करायला रुपाली सोनटक्के नावाची नांदेडची मुलगी ठेवली होती. तेवीस वर्षांची, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, हॉस्टेलवर राहणारी. तिनंही स्वतःची वाक्यं साठवली होती. मग डॉक्टरांची कुरकुर सुरू झाली की दोन शाखांचे रिपोर्ट दोन वेगळ्या डॉक्टरांचे वाटतात, दोघींची वाक्यं एकत्र करा, एकच साचा दोन्हीकडे वापरा. म्हणून शनिवारी दुपारी रुपाली फ्लॉपी घेऊन इथं पेठेतल्या सेंटरवर आली होती आणि तिच्या साच्यातली वाक्यं हेमाच्या साच्यात उतरवून, तोच साचा फ्लॉपीवर घेऊन परत गेली होती.

हेमानं फोन फिरवला.

"रुपाली, तुझ्याकडे यूएन म्हणजे काय गं?"

"युटेरस नॉर्मल, ताई. का?"

"माझ्याकडे युरिनरी ब्लॅडर होतं. तू माझं पुसलंस."

"अय्यो! ताई, मग अजूनही..."

"थांब." हेमाच्या मनात आता दुसरंच काही सरकत होतं. तिनं फोन खांद्यावर धरून टाइप केलं. के, जी. बटण.

बोथ किडनीज आर नॉर्मल इन साइज, शेप अँड पोझिशन.

"रुपाली," ती म्हणाली. आवाज आपला आहे असं तिला वाटेना. "केजी म्हणजे काय?"

"किडनी गुड."

"गुड?"

"हो ताई. एलजी लिव्हर गुड, केजी किडनी गुड. लवकर लक्षात राहतं म्हणून. तुमचं काय होतं?"

खोलीतला पंखा फिरत होता, बाहेर मच्छिंद्र कुणाला तरी पाणी पिऊन या, पाणी पिऊन या म्हणून सांगत होता, आणि हेमा स्क्रीनवरच्या त्या एका ओळीकडे बघत होती. किडनी गुड.

"तुला अक्कल आहे का?" ती एकदम ओरडली. "दुसऱ्याचं पुसताना विचारायचं नाही? कोर्समध्ये हेच शिकवतात?"

पलीकडून रुपाली अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ताई, त्यानं विचारलं होतं. या नावाचं आधीच आहे, त्यावर लिहू का, असा चौकोन आला होता. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही दारात एका पेशंट बाईंशी बोलत होता. तुम्ही म्हणालात, विचारतंय तर हो म्हण की. परत आलं, मी परत विचारलं. मग तुम्ही म्हणालात, सगळ्याला हो म्हण एकदाच आणि मोकळी हो."

हेमाला ते आठवलं. शब्द न् शब्द आठवला. स्वतःचा तो तुटक सूरही आठवला.

तिनं फोन ठेवला, उठून दार लावलं आणि सोमवारपासूनचे सगळे रिपोर्ट उघडले.

अठ्ठ्याण्णव रिपोर्ट होते. डॉक्टर तपासताना हातानं लिहीत त्या चिठ्ठ्या तारेत ओवलेल्या असायच्या; त्या काढून तिनं एकेक चिठ्ठी एकेका रिपोर्टाशी लावून पाहायला सुरुवात केली. मच्छिंद्रला सांगितलं, कुणालाही आत सोडू नकोस, डॉक्टरांनाही नाही. त्याला वाटलं ताई रागावल्यात. तो गुपचूप दाराबाहेर स्टूल टाकून बसला.

रिपोर्ट बहुतेक बायकांचेच होते, तरी सात पुरुषांना गर्भाशय मिळालं होतं. कोंडीराम सोडून बाकी सहांपैकी कुणी काही म्हटलं नव्हतं. बहुधा वाचलंच नव्हतं, किंवा वाचून कोंडीरामसारखेच गप्प बसले होते. एका बाईची प्लीहा वाढलेली होती ती कागदावर ठीक झाली होती. हे सगळं वाईटच होतं, पण यातून कुणी मरणार नव्हतं. हेमा एकेक बाजूला ठेवत गेली. मंगळवारच्या गठ्ठ्यात तिचा हात थांबला.

मालनबाई डोईफोडे, वय बावन्न, विश्रांतवाडी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, डावी किडनी, वरच्या टोकाला गाठ, साडेचार सेंटिमीटर, केजी. हेमाची ही दोन अक्षरं आता डॉक्टरही वापरायचे, वेळ वाचायचा. तिच्या मूळ परिच्छेदात खाली ठळक अक्षरात असायचं, कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही, ताबडतोब सीटी स्कॅन करावा.

छापलेल्या रिपोर्टात होतं, दोन्ही किडन्या नॉर्मल. आणि त्या वाक्यानंतर, तिच्याच बोटांनी, खाली मान घालून टाइप केलेले चार पॉइंट पाच सें.मी. हे शब्द एकटेच लटकत होते. कशाचे साडेचार सेंटिमीटर ते कुणी विचारलं नव्हतं. खाली सही होती.

हेमा उभी राहिली, परत बसली. दोन दिवस. एक बाई दोन दिवस हा कागद घरात घेऊन बसली होती.

डॉक्टर आमोद जेवणाचा डबा उघडत होते. तिनं चिठ्ठी आणि रिपोर्ट डब्याशेजारी ठेवला. त्यांनी आधी एक वाचलं, मग दुसरं. डब्याचं झाकण त्यांनी परत लावलं.

"कसं झालं हे?"

तिनं सांगितलं. शनिवार, फ्लॉपी, चौकोन. रुपालीचं नाव घेतलं, पण पुढे लगेच म्हणाली, "तिनं विचारलं होतं. हो मी म्हणाले."

"मला ही बाई आठवतेय," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "हिरवं लुगडं. मी म्हटलं तिला, आजच तुमच्या डॉक्टरांना दाखवा. लवकर दाखवा." ते उठून खिडकीपाशी गेले. "फोन करा. म्हणावं, परत एकदा तपासायचंय, या. रिव्हाइज्ड रिपोर्ट देऊ. चूकबीक म्हणायचं काही कारण नाही फोनवर."

"आणि त्या आल्या नाहीत तर?"

"येतील हो."

"डॉक्टर, माझ्या हातात नॉर्मलचा कागद असता तर मी नसते आले."

हेमानं वहीतला नंबर फिरवला. नंबरापुढे पीपी लिहिलेलं होतं, म्हणजे शेजारच्यांचा. विश्रांतवाडीतल्या एका किराणा दुकानदारानं उचलला.

"मालनबाई? आवो, त्या निघाल्या की! आत्ता रिक्षात बसल्या माझ्या डोळ्यांदेखत."

"कुठे निघाल्या?"

"गावाला. परभणीला. महिना झाला लेकाकडं येऊन पडल्या होत्या औषधपाण्यासाठी. आता रिपोर्ट चांगला आला ना. काल पेढे वाटले पोरानं गल्लीत. मलाबी दिला." दुकानदार खुशीत होता. "अडीचची गाडी हाय शिवाजीनगरवरून. काय निरोप हाय का?"

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन वाजले होते.

हेमा पर्स न घेताच निघाली. मच्छिंद्र मागून धावत आला, पर्स हातात कोंबली आणि रिक्षा थांबवली. लक्ष्मी रस्ता गच्च होता. लग्नसराई, साड्यांच्या दुकानांपुढे गाड्या आडव्यातिडव्या लावलेल्या. रिक्षावाला म्हणाला, "बाई, तुमच्या घाईनं सिग्नल सुटत नाही." एरवी हेमानं त्याला याच्या वरताण उत्तर दिलं असतं. ती फक्त म्हणाली, "एका बाईचा जीव आहे हो." त्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि पुढच्याच बोळात रिक्षा घातली.

स्टँडवर उतरल्यावर तिच्या लक्षात आलं की मालनबाई डोईफोडे दिसतात कशा हे आपल्याला ठाऊक नाही. आतल्या खोलीत बसून तिनं त्यांचं पोट, यकृत, किडन्या सगळं टाइप केलं होतं, तोंड पाहिलं नव्हतं. फलाटावर मराठवाड्याकडे जाणाऱ्या चार गाड्या उभ्या होत्या, आणि हिरवं लुगडं नेसलेल्या बायका आठदहा तरी होत्या. तिनं दोघींना विचारलं. एक म्हणाली, मी सुलोचना. दुसरीनं पिशवी जवळ ओढून घेतली.

हेमा चौकशीच्या खिडकीशी घुसली. रांगेतल्या माणसांनी आरडाओरडा केला. आतल्या माणसाला म्हणाली, "एक नाव पुकारा. दवाखान्यातून आलेय मी. चुकीचा कागद गेलाय त्यांच्याकडे."

"बाई, हरवलेल्या मुलांची नावं पुकारतो आम्ही."

"मग हरवल्यात असं समजा. पुकारा हो, हात जोडते."

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माइक ओढला. मालनबाई डोईफोडे, विश्रांतवाडी, चौकशी कक्षाजवळ यावे. दोनदा. तिसऱ्यांदा त्यानं आपणहून पुकारलं.

परभणीच्या गाडीच्या पायरीवरून एक तरुण उतरला. पंचविशीचा, छातीवर कंपनीचं नाव असलेला निळा शर्ट. "माझ्या आईचं नाव आहे. मी साई. काय झालं? सामान राहिलं का काही?"

"आई कुठे आहेत?"

"आत बसलीय. गाडी सुटतेय बाई, काय ते लवकर बोला."

हेमा त्याला ओलांडून गाडीत चढली. खिडकीशी एक किडकिडीत बाई बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीतून निळ्या पाकिटाचा कोपरा डोकावत होता. हेमा मधल्या जागेत उभी राहिली. सगळी गाडी तिच्याकडे बघत होती. वाटेत रिक्षात तिनं वाक्यं जुळवली होती, एकही आठवेना.

"मी सोनोग्राफीच्या सेंटरमधून आलेय," ती म्हणाली. "तुमचा रिपोर्ट मी टाइप केला. तो चुकलाय. तुमच्या डाव्या किडनीत गाठ आहे. डॉक्टरांनी तसंच लिहिलं होतं. मी चुकीचं वाक्य घातलं."

मालनबाईंनी पाकीट काढून तिच्यापुढे धरलं.

"ह्यावर डाक्टरची सही हाय," त्या म्हणाल्या. "तुमी कोन?"

"मी ते टाइप करते."

"मंग डाक्टरचं खरं का तुमचं?"

छापलेला कागद, त्यावरचा शिक्का, सही. आणि समोर एक घामाघूम झालेली, पदर सुटलेली बाई. हेमानं पर्समधून डॉक्टरांची हातानं लिहिलेली चिठ्ठी काढली. ती तिनं निघताना का उचलली होती ते तिलाही ठाऊक नव्हतं. साईनं ती तिच्या हातातून ओढून घेतली. आधी चिठ्ठी, मग रिपोर्ट, मग परत चिठ्ठी.

"आम्ही पेढे वाटले," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "पेढे वाटले आम्ही! तुम्हाला कळतंय का? मी कंपनीत वाटले, लाइनवर सगळ्यांना! रजा काढून तिला सोडायला आलोय!" त्याचा हात वर गेला होता. कंडक्टर पुढे आला, कुणीतरी म्हणालं, अरे बाई आहे ती, बाई आहे. हेमा मागे सरली नाही. मारलं तर मारू दे, असंच तिला त्या वेळी वाटत होतं.

"साई," मालनबाई म्हणाल्या.

तो थांबला.

"रगत जातंय आजूनबी," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "लघवीतून. सकाळी बी गेलं."

साईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय?"

"कागदात काई न्हाई म्हनले. गल्लीतल्या डाक्टरनं बी वाचून गोळ्याच दिल्या. म्हनलं, कागदात न्हाई म्हंजी न्हाई. आपल्यालाच उगं भास व्हत आसंल. पोरगा पेढे वाटतोय, त्याला कशाला सांगू?"

हेमानं सीटची दांडी घट्ट धरली. रिपोर्ट चुकला हे तिला ठाऊक होतं; पण त्या कागदानं एका बाईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसणारं रक्तसुद्धा खोटं मानायला लावलं असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिच्या नीटनेटक्या, एका बटणासरशी उमटणाऱ्या इंग्रजी वाक्यानं.

कंडक्टरनं घंटी न वाजवता विचारलं, "उतरताय का?"

साईनं वरची बोचकी उतरवली.

सेंटरवर डॉक्टर आमोद वाट बघत जिन्यातच उभे होते. त्यांनी दुपारचे सगळे पेशंट पुढे ढकलले होते. मालनबाईंना त्यांनी स्वतः हात धरून आत नेलं आणि वीस मिनिटं तपासलं. बाहेर आले तेव्हा ते साईसमोर खुर्ची ओढून बसले. हेमाला वाटलं, आता रिव्हाइज्ड रिपोर्ट म्हणतील.

"मंगळवारी आम्ही चुकीचा रिपोर्ट दिला," डॉक्टर म्हणाले. "मी न वाचता सही केली. गाठ तेव्हाही होती, आजही आहे. ऑपरेशन लागणार. ते मी उद्याच्या उद्या ठरवून देतो. आणि हे सगळं मी लिहून देतो, तुम्हाला हवं तिथं दाखवा."

साईनं मान हलवली. हेमाकडे त्यानं पाहिलं नाही.

डॉक्टरांनी शब्द पाळला. मोठ्या हॉस्पिटलात ते स्वतः बरोबर गेले. अकराव्या दिवशी मालनबाईंची डावी किडनी काढली. गाठ कर्करोगाचीच निघाली, पण किडनीबाहेर पसरलेली नव्हती. सर्जन म्हणाले, गावाला जाऊन वर्षभर राहिल्या असत्या तर मग काही हातात नव्हतं.

मधल्या दिवसांत हेमानं राहिलेल्यांना एकेकाला फोन करून किंवा घरी जाऊन कागद बदलून दिले. प्रत्येक ठिकाणी ती तेच सांगायची, चूक माझी. सदाशिव पेठेतले एक निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "मी वाचलं होतं. म्हटलं, मिराशींच्याकडे हल्ली शोधच लागत असतील." ती ऐकून घेऊन निघून आली. रविवारी ती कर्वेनगरला रुपालीच्या हॉस्टेलवर गेली. ती पोर दारात आली ती रडून डोळे सुजलेली; तिनं बॅग भरून ठेवली होती, नांदेडला परत जायची.

"बॅग सोड," हेमा म्हणाली. "तू विचारलं होतंस. मी ऐकलं नाही. डॉक्टरांना मी तसंच सांगितलंय." आणि थोड्या वेळानं, "मला ते चौकोन वाचायला शिकव. सावकाश. मला इंग्रजी येतं, पण मी वाचत नाही."

दोघींनी मिळून दोन्ही शाखांचा साचा नव्यानं केला. नावं लांबलचक ठेवली, पूर्ण शब्दांत. वेळ जास्त लागायचा. डॉक्टर आता प्रत्येक रिपोर्ट वाचून सही करत, आणि संध्याकाळी सेंटर पूर्वीपेक्षा तासभर उशिरा बंद व्हायचं.

मालनबाईंना घरी सोडायच्या दिवशी हेमा हॉस्पिटलात गेली. आधीही दोनदा गेली होती, दोन्ही वेळा साई तिला बघून वॉर्डाबाहेर निघून गेला होता. आजही तो खिडकीशी पाठ करून उभा राहिला. तो तिच्याशी पुढेही कधी बोलला नाही, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मालनबाई उशीला टेकून बसल्या होत्या. अंगावर कातडी तेवढी उरलेली, पण डोळे टवटवीत होते. उशाशी घरी सोडल्याचा कागद होता, चार पानी, इंग्रजी.

"बसा," त्या म्हणाल्या आणि कागद पुढे केला. "ह्ये वाचून सांगा. समदं. येक वळ सोडू नगा."

हेमानं चष्मा लावला. शेजारच्या खाटेवरची बाईही ऐकायला कुशीवर वळली. पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून, ती एकेक शब्द मराठीत सांगू लागली. मध्येच मालनबाई थांबवायच्या, ह्याचा आर्थ काय, हे कशापायी, आणि ती परत मागे जाऊन सांगायची. दुसऱ्या पानावर एका औषधाचं नाव तिला लागेना. तिनं नर्सला हाक मारली आणि नर्स येईपर्यंत बोट त्या शब्दावरून उचललं नाही.